क्ष-किरणांच्या शोधाचीं साधनें

इ. स. १८९५ च्या अखेरीस जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें विल्हेल्म कॉनराड राँटगेन यानें क्ष-किरणांचा शोध लावला, ही गोष्ट शाळेंतील मुलांसही ठाऊक असते. परंतु ही हकीकत ज्या लेखी पुराव्यावर उभी आहे तो पुरावा किती, कोणत्या प्रतीचा, त्यांतील समकालीन कोणता व मागाहूनचा कोणता, हें पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाहीं. साधनांची छाननी करण्याची ज्यांस संवय आहे त्यांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. येथेंही एक दफ्तर आहे, व तें जळालेलें आहे. एक वादी आहे, व त्याचा दावा आहे. आणि अस्सल कागद बाजूस सारून सांगोवांगीच्या गोष्टींवर भिस्त ठेवणारे लोकही आहेत.

प्रथम दफ्तराविषयीं. राँटगेन १० फेब्रुवारी १९२३ रोजीं म्युनिक येथें वारला. त्याच्या मृत्युपत्रांतील इच्छेस अनुसरून त्याचीं प्रयोगांचीं टिपणें व घरीं राहिलेला पत्रव्यवहार जाळण्यांत आला. त्यामुळें शोधाच्या सात आठवड्यांत त्यानें रोज काय पाहिलें याचा त्याच्या हातचा तपशील नष्ट झाला. परंतु धाडलेल्या पत्राची नक्कल धाडणाऱ्याच्या घरीं नाहींशी झाली तरी मूळ पत्र घेणाऱ्याच्या घरीं राहतें, हा कागदपत्रांचा धर्म येथेंही कामास आला. लुडविग त्सेंडर हा राँटगेनचा एके काळचा सहायक व पुढें आयुष्यभराचा स्नेही. त्यास आलेलीं राँटगेनचीं पत्रें १९३५ मध्यें छापून निघालीं. तत्पूर्वीं १९३१ मध्यें ओटो ग्लासर यानें या शोधाच्या इतिहासावर जर्मन भाषेंत ग्रंथ प्रसिद्ध केला होता. जळालेल्या दफ्तराची उणीव आज जी कांहीं भरून निघते ती अशा बाहेरच्या कागदांनींच.

त्या सर्वांत मुख्य साधन म्हणजे राँटगेनचें पहिलें छापील टिपण. ‘एका नव्या प्रकारच्या किरणांविषयीं, प्राथमिक निवेदन’ अशा अर्थाचें त्याचें शीर्षक असून तें वुर्त्सबुर्ग येथील भौतिक-वैद्यक मंडळाच्या १८९५ च्या सभावृत्तांतांत छापलें आहे. अवघीं दहा पानें, व त्यांत क्रमांक घातलेलीं सतरा कलमें. सभावृत्तांत हें नांव पाहून तें सभेंत वाचलें गेलें असावें असा ग्रह होतो; तो बरोबर नाहीं. नाताळच्या सुट्टीचे ते दिवस होते, सभा भरलेली नव्हती. २८ डिसेंबर १८९५ रोजीं लेख मंडळाकडे सादर झाला एवढीच नोंद आहे, व ती फार महत्त्वाची आहे; कारण या प्रकरणांतील पहिली पक्की, छापील तारीख हीच.

या टिपणांत शोधाची हकीकत मुळींच नाहीं. रात्र नाहीं, चमत्कार नाहीं, ८ नोव्हेंबर तर नाहींच. पहिल्याच वाक्यांत रुम्कोर्फच्या मोठ्या वेटोळ्यांतून विजेचा प्रवाह हिटॉर्फच्या निर्वात नळींतून, किंवा पुरेशा निर्वात केलेल्या लेनार्डच्या, क्रुक्सच्या अगर तत्सम उपकरणांतून सोडावा असें लिहिलें आहे. तीन नांवें घेतलीं, पण त्या पहिल्या प्रसंगीं यांपैकीं कोणतें उपकरण टेबलावर होतें हें सांगितलेलें नाहीं. पुढें जो वाद माजला त्याचें बीज या एका वाक्यांत आहे. नळी काळ्या पुठ्ठ्यानें घट्ट झांकली असतां अंधाऱ्या खोलींत बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला कागद उजळतो, आणि तो दोन मीटर दूर नेला तरी उजळतोच, ही मूळ गोष्ट. त्यानंतर एकामागून एक पदार्थ मध्यें धरून पाहिल्याचा वृत्तांत येतो: सुमारें हजार पानांचें पुस्तक, पत्त्यांचा जोड, लांकडाच्या जाड फळ्या, १५ मिलिमीटर जाडीचें ॲल्युमिनियम, शिसें मात्र दीड मिलिमीटर असलें तरी किरणांस जवळ जवळ अडवून धरतें. हात मध्यें धरला असतां हाडांची गडद छाया मांसाच्या फिक्या छायेंत दिसते, हेंही त्याच ओघांत, एका वाक्यांत, विशेष गाजावाजा न करतां सांगून टाकलें आहे. ज्या वाक्यानें वैद्यकाचें रूप पालटलें तें शिसें आणि ॲल्युमिनियम यांच्या शेजारीं असें निमूट बसलेलें आहे.

याच टिपणांत ‘संक्षेपासाठीं’ म्हणून या किरणांस त्यानें अज्ञात राशीचें अक्षर लाविलें. आपल्या बीजगणितांत अव्यक्त राशीस क्ष हें अक्षर रूढ होतें, म्हणून मराठींत क्ष-किरण झाले. जर्मनींत मात्र शोधकाच्याच नांवाचे किरण म्हणतात, व तें नांव देण्याची सूचनाही तारखेसह उपलब्ध आहे. २३ जानेवारी १८९६ रोजीं वुर्त्सबुर्ग येथें राँटगेननें जाहीर व्याख्यान दिलें, तेथेंच वृद्ध शरीरशास्त्रज्ञ क्योलिकर याच्या हाताचें चित्र घेतलें, आणि क्योलिकरनेंच ती सूचना केली.

मग ८ नोव्हेंबर ही तारीख आली कोठून? ती डॅम नांवाच्या वार्ताहराच्या मुलाखतींत सांपडते. ही मुलाखत एप्रिल १८९६ च्या मॅक्ल्युअर्स मासिकांत आली. नळी काळ्या कागदानें झांकलेली होती, जवळच लेप दिलेला कागद पडला होता व त्यावर एक चमत्कारिक काळी रेघ दिसली, असें राँटगेननें त्यास सांगितलें. शोधकाच्या तोंडची, पांच महिन्यांच्या आंतली हकीकत म्हणून तिची किंमत मोठी आहे. पण ती दुसऱ्यानें उतरून घेतलेली आहे, हें विसरतां कामा नये. त्सेंडर यास फेब्रुवारी १८९६ मध्यें लिहिलेलें पत्र याहून वरच्या दर्जाचें साधन होय. आपण काय करीत आहों हें पत्नीखेरीज कोणास कळूं दिलें नव्हतें, कळलें असतें तर लोकांनीं वेडा ठरविलें असतें, असें तो त्यांत म्हणतो. नळी पुरेशी निर्वात होण्यास कित्येक दिवस लागतात अशीही तक्रार आहे. आणि एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी: फोटो हें आपणास केवळ साधन होतें, लोकांनीं त्यासच मुख्य करून टाकलें, अशी त्याची नाराजी तेथें स्पष्ट दिसते.

आतां वाद्याकडे वळूं. फिलिप लेनार्ड यानें १८९२ पासून पुढें ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्यांतून कॅथोड किरण नळीच्या बाहेर काढून दाखविले होते. राँटगेननें १८९४ मध्यें त्यास पत्र लिहून असा पत्रा मागितला व लेनार्डनें तो पाठविलाही. हें सारें निर्विवाद आहे. रॉयल सोसायटीनें १८९६ चें रम्फर्ड पदक दोघांस मिळून दिलें, तेंही योग्यच झालें. परंतु १९०१ चें भौतिकशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक एकट्या राँटगेनला मिळालें, आणि हें शल्य लेनार्डच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. त्यास स्वतःस १९०५ मध्यें तेंच पारितोषिक मिळालें, तरीही नाहीं. या किरणांची आई मी, राँटगेन ही नुसती सुईण, असें तो म्हणत असे. नाझी राजवटींत त्याचें वजन वाढलें, तेव्हां या म्हणण्यास जोर चढला. प्रयोगशाळेंतील नोकरानेंच प्रथम तो उजेड पाहिला, अशीही एक कंडी पिकली होती.

आमच्या मतें या दाव्याचा निकाल नळी कोणाची होती यावर लागत नाहीं. समजा, ती लेनार्डच्या पद्धतीची होती, तरी काय? लेनार्डचे किरण हवेंत कांहीं सेंटिमीटर जाऊन संपत. राँटगेनचा कागद दोन मीटरवर उजळला. कॅथोड किरणांस लोहचुंबक वळवितो. जबर चुंबक लावूनही हे किरण ढळले नाहींत. हे दोन्ही भेद २८ डिसेंबरच्या टिपणांत लेनार्डचें नांव घेऊन मांडलेले आहेत. उजेड दिसणें निराळें, आणि हा उजेड माहीत असलेल्यांपैकीं कोणताच नव्हे हें एकेक करून ठरविणें निराळें. याचें प्रमाण फिलाडेल्फिया येथें मिळतें. तेथें २२ फेब्रुवारी १८९० रोजीं गुडस्पीड व जेनिंग्ज या दोघांच्या हातून विजेच्या प्रयोगांच्या वेळीं एका फोटोच्या कांचेवर दोन वाटोळ्या छाया उमटल्या होत्या. कांच तशीच पडून राहिली. १८९६ मध्यें तिचा अर्थ कळला. गुडस्पीडनें प्रामाणिकपणें सांगितलें कीं आपला यावर कांहीं हक्क नाहीं. शेवटच्या कलमांत राँटगेननें हीं ईथरमधील अनुलंब कंपनें असावींत असा जो तर्क केला तो मात्र चुकला. १९१२ मध्यें लाउए याच्या योजनेप्रमाणें स्फटिकांतून किरण सोडल्यावर तें सिद्ध झालें. प्रत्यक्ष पाहिलेलें खरें व त्यावरचा तर्क खोटा, असे लेख आपल्याही दफ्तरांत पुष्कळ आहेत.

१ जानेवारी १८९६ रोजीं राँटगेननें टिपणाच्या सुट्या प्रती व कांहीं चित्रें निरनिराळ्या पंडितांस टपालानें पाठविलीं. त्यांत २२ डिसेंबर रोजीं घेतलेल्या पत्नी बेर्था हिच्या हाताचें, बोटांत अंगठी असलेलें चित्र होतें. त्सेंडर यास दिलेली त्याची प्रत आजही उपलब्ध आहे. व्हिएन्नांतील एक्स्नर याजकडून बातमी तेथील ‘डी प्रेस’ पत्राच्या संपादकापर्यंत गेली व ५ जानेवारीस छापली गेली. दुसऱ्या दिवशीं ती लंडनच्या पत्रांत आली तेव्हां शोधकाचें नांव ‘राउटगेन’ झालें होतें. जुन्या जर्मन हस्ताक्षरांत न आणि उ यांत माथ्यावरच्या एका खुणेखेरीज भेद नसतो. या चुकीचें मूळ तेथें असण्याचा पुष्कळ संभव आहे. मोडी वाचणारांस अधिक सांगावयास नको.

वैद्यांनीं हा शोध ज्या वेगानें उचलला त्यास दुसरी उपमा सांपडत नाहीं. कारण साधें आहे. वेटोळें, निर्वात नळी व फोटोची कांच हें सामान कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेंत आधींपासूनच होतें, आणि राँटगेननें पेटंट घेतलें नव्हतें. ११ जानेवारी १८९६ रोजीं बर्मिंगहॅम येथें डॉ. जॉन हॉल-एडवर्ड्‌स यानें हातांत रुतलेल्या सुईचें चित्र घेतलें, व १४ फेब्रुवारीस अशा चित्राच्या आधारें शस्त्रक्रिया झाली. ३ फेब्रुवारीस अमेरिकेंत डार्टमथ येथें एका मुलाच्या मोडलेल्या मनगटाचें चित्र निघालें. त्यास हात वीस मिनिटें स्थिर ठेवावा लागला. ७ फेब्रुवारीस माँट्रियल येथें प्राध्यापक कॉक्स यानें एका जखमी मनुष्याच्या पायांतील गोळी पंचेचाळीस मिनिटांच्या प्रकाशनानें दाखविली. ती कांच पुढें फौजदारी खटल्यांत पुरावा म्हणून दाखल झाली. तोंपर्यंत शरीराच्या आंतलें काय तें वैद्याच्या जबानीवरून कळे. आतां जबानी देणारास डावलून शरीरानेंच आपली सही करून दिली. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत सर्जन-मेजर बीव्हर यानें हें उपकरण डोंगराळ मुलखांतून नेऊन जखमी शिपायांच्या अंगांतील गोळ्या हुडकल्या.

पण त्याच वर्षांच्या वृत्तांतांत दुसरीही ओळ उमटूं लागली होती. उपकरण बरोबर चालतें कीं नाहीं हें पाहण्यास चालविणारा आपलाच हात मध्यें धरी, आणि दिवसांतून अनेक वेळां धरी. १८९६ मध्येंच त्वचा भाजल्याच्या तक्रारी छापून आल्या. हें किरणांचें कृत्य नव्हे, विजेचें असावें, असें पुष्कळांस वाटे. तेव्हां एलिहू थॉमसन यानें मुद्दाम आपल्या करंगळीवर किरण घेऊन ती भाजवून दाखविली. बोस्टनच्या विल्यम रॉलिन्स यानें १९०१ मध्यें गिनीपिगांवर प्रयोग करून किरणांनीं जीवही जातो असें सिद्ध केलें; त्याकडे लक्ष देणारे थोडेच निघाले. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली हा हात कापून टाकूनही १९०४ मध्यें मरण पावला. वर सांगितलेल्या हॉल-एडवर्ड्‌सचा डावा हात १९०८ मध्यें कापावा लागला. हांबुर्ग येथें सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत १९३६ मध्यें जो स्मारकस्तंभ उभारला त्यावर अशा १६९ जणांचीं नांवें कोरलेलीं होतीं. पुढें भर पडून ती संख्या ३५० च्या वर गेली.

या हानीचा हिशेब काढूं पाहणारास एक अडचण येते. आरंभीं किरणांचें माप नव्हतें. त्वचा लाल झाली म्हणजे मात्रा पुरी झाली, असा व्यवहार चाले. १९०२ मध्यें होल्त्सक्नेख्त यानें स्वतःचें एक माप काढलें. १९०४ मध्यें पॅरिस येथें साबूरो व न्वारे यांनीं नायट्यासाठीं मुलांच्या डोक्यावर किरण देतांना एक लहानशी टिकली वापरली. ही टिकली बेरियम प्लॅटिनोसायनाइडचीच, म्हणजे राँटगेनच्या टेबलावरील कागदास जो लेप होता त्याचीच. तिचा हिरवट रंग ठराविक तपकिरीपर्यंत उतरला कीं थांबावयाचें. १९२८ मध्यें स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत ‘राँटगेन’ हें एकक ठरलें व संरक्षणाचे नियम करणारी समिति नेमली गेली. त्याआधींच्या रुग्णपत्रकांत कोठें टिकलीचा रंग, कोठें होल्त्सक्नेख्तचीं मापें, कोठें नुसतीं मिनिटें व नळीचें अंतर लिहिलेलें असतें. जुन्या जमाखर्चांतील बिघे व खंड्या प्रांताप्रांताप्रमाणें बदलतात, तशीच ही स्थिति आहे. नळी कोणत्या कारखान्याची, टिकली दिवसाच्या उजेडांत पाहिली कीं दिव्याच्या, हें त्याच पत्रकावर लिहून ठेवलेलें असेल तरच त्या आंकड्याचा आजच्या मापांत उलगडा होतो.