निवटी

निवटी (शास्त्रीय नाव: बोलिओफ्थाल्मस डुसुमिएरी) हा खाड्यांच्या चिखलात राहणारा लहान सागरी मासा आहे. पाण्याबाहेर श्वास घेण्याची क्षमता आणि चिखलावरून सरपटत व उड्या मारत फिरण्याची सवय यांमुळे तो ओळखला जातो. नवी मुंबईच्या पश्चिमेकडील ठाणे खाडीत, विशेषतः ऐरोली ते बेलापूर या पट्ट्यात, ओहोटीच्या वेळी तो उघड्या चिखलावर दिसतो. आगरी व कोळी समाजाच्या आहारात त्याला जुने स्थान आहे.

नाव व वर्गीकरण

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आशिल व्हालेन्सिएन यांनी १८३७ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. वर्णनासाठी वापरलेले नमुने मुंबईचे होते. जातीचे नाव हिंदी महासागराच्या परिसरातून प्राण्यांचे नमुने गोळा करणारे फ्रेंच व्यापारी झाँ-जाक ड्युसुमिए यांच्यावरून पडले आहे. प्रजातीचे नाव तिच्या डोक्यावर वर आलेल्या डोळ्यांना उद्देशून आहे. निवटीचा समावेश पूर्वी गोबिइडी कुलात होत असे. अलीकडच्या वर्गीकरणात ती ऑक्सुडर्सिडी कुलात ठेवली जाते.

शरीररचना

निवटीचे शरीर लांबट असून मागे निमुळते होत जाते. पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी साधारणपणे १५ सेंमी.च्या आसपास असते. रंग चिखलाशी मिळताजुळता, करडा-तपकिरी असतो. पृष्ठपर दोन असतात. पहिल्याचे काटे उंच असून प्रतिस्पर्ध्याला धमकावताना किंवा मादीला आकर्षित करताना तो उभारला जातो. अंसपरांचा बुंधा स्नायुमय असल्याने त्यांच्या आधारे मासा चिखलावर पुढे सरकतो. श्रोणिपर एकमेकांना जुळून त्यांची बशीसारखी रचना झालेली असते. डोळे खोबणीत आत ओढून घेता येतात, त्यामुळे ते ओले राहतात.

श्वसन

निवटीला कल्ले असतात, परंतु जमिनीवर ती केवळ त्यांवर अवलंबून राहत नाही. तोंडाच्या व घशाच्या पोकळीतील अस्तर आणि रक्तवाहिन्यांनी समृद्ध असलेली त्वचा यांतून ती हवेतील ऑक्सिजन घेते. यासाठी त्वचा ओली असणे आवश्यक असते. म्हणून मासा मधूनमधून डबक्यात लोळतो आणि उन्हाचा ताप वाढल्यास बिळात शिरतो.

अधिवास व आहार

इराणच्या आखातापासून पाकिस्तान व भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत ही जात आढळते. भरतीच्या पाण्याखाली जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा मऊ चिखल हा तिचा अधिवास होय. या चिखलात ती खोल बिळे करते. भरतीच्या वेळी ती बिळात थांबते व ओहोटीला चरण्यासाठी बाहेर येते.

निवटी मुख्यतः डायाटम या सूक्ष्म शैवालांवर जगते. डोके डावी-उजवीकडे हलवत ती चिखलाचा वरचा पातळ थर दातांनी खरवडते. कुवेतच्या किनाऱ्यावर या जातीचे मासे आपापल्या क्षेत्राभोवती चिखलाचे बांध घालत असल्याचे आढळले आहे. बांधांमुळे शेजारी दूर राहतात आणि आत पाणी साचून शैवालांची वाढ होते.

प्रजनन

अंडी बिळातील कक्षात घातली जातात. बिळातील पाण्यात ऑक्सिजन अत्यल्प असतो. या गटातील काही जातींचे मासे तोंडात हवा भरून ती अंड्यांच्या कक्षात नेऊन सोडतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले काही काळ पाण्यात तरंगत वाढतात व नंतर चिखलावर स्थिरावतात.

परिसंस्थेतील स्थान

शैवाल खाऊन वाढणारी निवटी स्वतः बगळे, खंड्या, साप यांचे भक्ष्य ठरते. बिळांमुळे चिखलाच्या खालच्या थरांपर्यंत पाणी व हवा पोहोचते. एकाच जागी राहून चिखल खरवडणारा मासा असल्याने त्याच्या शरीरात प्रदूषके साठण्याची शक्यता असते. त्यामुळे खाडीच्या आरोग्याचा निदर्शक म्हणूनही त्याचा अभ्यास केला जातो.

मासेमारी व आहारातील उपयोग

ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून, बिळात हात घालून निवट्या पकडण्याची पद्धत जुनी आहे. पाण्याबाहेर बराच वेळ तग धरत असल्यामुळे त्या बाजारात जिवंत विकल्या जातात. आगरी-कोळी घरांत निवट्यांचे तिखट कालवण केले जाते.

धोके व संवर्धन

सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) नवी मुंबई उभारताना खाडीकाठच्या सखल जमिनींवर मोठ्या प्रमाणात भराव झाला. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील सांडपाणी, शहरी मैला, प्लॅस्टिक आणि साचणारा गाळ हे आजचे प्रमुख धोके आहेत. गाळाने उंचावलेल्या भागात तिवरांची झाडे पसरतात. कांदळवनाची वाढ इष्ट असली, तरी निवटीला चरण्यासाठी उघडा, ऊन मिळणारा चिखल लागतो; म्हणून झाडांइतकेच चिखलपट्ट्यांचे रक्षणही महत्त्वाचे ठरते.

राज्य शासनाने २०१५ साली ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला आणि २०२२ साली ठाणे खाडीचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला. हे संरक्षण प्रामुख्याने पक्ष्यांच्या निमित्ताने मिळाले असले, तरी त्याच चिखलावर जगणाऱ्या निवटीलाही त्याचा लाभ होतो. मात्र अभयारण्याच्या सीमेबाहेरून येणारे सांडपाणी रोखल्याशिवाय हा लाभ अपुरा राहतो.