हेलेनेनडॉर्फच्या डॉक्टरची निळी फुलं

युरोपातल्या बागांना निळ्या फुलांची वानवा कधीच नव्हती. पण कॉर्नफ्लॉवर काय किंवा नायजेला काय, दोघांनाही लख्ख ऊन हवं. झाडांखालच्या ओलसर सावलीत पेरलं की त्याच हंगामात फुलणारं, आणि वर सुगंधी, असं निळं फूल आलं ते पश्चिम आशिया आणि कॉकेशसकडून. शास्त्रज्ञ त्याला आस्पेरुला ओरिएंटॅलिस म्हणतात, बागवान ब्लू वुडरफ.

रोप जेमतेम फूटभर. कूळ आपल्या मंजिष्ठेचं. मंजिष्ठेच्या पेऱ्यावर पानं चार-चार असतात, इथे आठाच्या आसपास, अरुंद आणि गोल मांडलेली. शेंड्यावर बारीक नळीसारख्या, चार पाकळ्यांच्या निळसर फुलांचा झुबका आणि त्याला राठ केसांची किनार.

१८४३ साली या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. तिच्या नावापुढे आजही दोन नावं लिहितात : जिनिव्हाचा श्रीमंत वनस्पतिशास्त्रज्ञ एडमंड बोआसिए आणि रुडॉल्फ होहेनाकर. बोआसिएचा ‘फ्लोरा ओरिएंटॅलिस’ हा महाग्रंथ प्रसिद्ध आहे. होहेनाकर मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि ते अन्यायाचं आहे.

१८१९च्या सुमारास जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमधून निघालेली कुटुंबं आजच्या अझरबैजानात, गांजा शहराजवळ येऊन वसली. त्यांच्या गावाचं नाव हेलेनेनडॉर्फ. १७९८ साली झुरिकमध्ये जन्मलेला होहेनाकर तिथे डॉक्टर आणि धर्मप्रसारक म्हणून राहिला. आसपासचे डोंगर, पुढे तालिशचा प्रदेश त्याने पायाखाली घातला आणि झाडं गोळा केली. हे काम चिकाटीचं. ताजी फांदी टिपकागदात पसरायची, वर वजन ठेवायचं, ओल शोषलेले कागद पुन्हा पुन्हा बदलायचे. हयगय झाली की नमुन्याला बुरशी लागते, पानं काळी पडतात. असे नमुने जर्मनीतल्या एस्लिंगेनच्या ‘युनिओ इटिनेरारिया’ या मंडळाकडे जात. सभासद वर्गणी भरत आणि मोबदल्यात त्यांना दूरदेशीची वाळवलेली झाडं मिळत. घरबसल्या ‘फ्लोरा’ लिहिणं शक्य झालं ते अशा गठ्ठ्यांमुळे.

पुढे बियाणांच्या कॅटलॉगांत हेच रोप ‘आस्पेरुला अझुरिया सेटोसा’ या नावाने विकलं जाऊ लागलं. लागवड सोपी : वसंतात बी जागेवरच पातळ पेरायचं, माती ओलसर ठेवायची. उन्हाळा तापला की मात्र रोप माना टाकतं, म्हणूनच त्याला सावली मानवते.

हेलेनेनडॉर्फच्या वाट्याला वेगळंच आलं. १९३८ साली गावाचं नाव खानलार झालं आणि १९४१ साली स्टालिनच्या राजवटीने तिथल्या जर्मनांना उचलून कझाकस्तानात पाठवलं. आज ते गाव गोयगोल म्हणून ओळखलं जातं.

होहेनाकर त्याआधी शंभर वर्षं जर्मनीत परतला होता. तिथे त्याने वाळवलेल्या झाडांचे संच विकण्याचा व्यवसाय मांडला आणि त्यात थेट आपल्या शेजारचा किनारा येतो. बासेल मिशनच्या लोकांनी मंगलोर आणि निलगिरीत गोळा केलेली झाडं त्याने संच करून युरोपभर पाठवली. हेच ते मिशन, ज्याने १८६५ साली मंगलोरात कौलांचा कारखाना काढला आणि ज्याची मंगलोरी कौलं कोकणातल्या घरांवर चढली. होहेनाकरच्या छापील चिठ्ठ्या लावलेले मंगलोरचे नमुने युरोपातल्या वनस्पतिसंग्रहांत जपलेले आहेत, आणि पश्चिम घाटाच्या वनस्पतींवर काम करणाऱ्यांना त्यांची गरज आजही पडते.