यांत्रिक हत्यारांवरील सुरक्षितता

लेथ, ड्रिलिंग यंत्र, मिलिंग यंत्र, शेपर, शाणन यंत्र इ. यांत्रिक हत्यारांनी धातू कापताना, छिद्र पाडताना अथवा घासताना कामगारास इजा होऊ नये म्हणून यंत्राची रचना, कायदे व कामाच्या पद्धती यांद्वारे केलेल्या उपाययोजनेस ही संज्ञा लावतात. या विषयाच्या इतिहासात एक प्रश्न सतत पुढे आला आहे : अपघात टाळण्याची जबाबदारी कामगाराच्या सावधगिरीवर सोपवावी, की यंत्र बनविणारा व ते चालविण्यास देणारा यांच्यावर टाकावी? सु. दोन शतकांच्या काळात या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे हळूहळू सरकत गेले आहे.

धोक्यांचे स्वरूप : धातुकर्तनातील इजांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. फिरत्या दंडात, चकमध्ये किंवा ड्रिलमध्ये कपडे अथवा केस अडकणे. दंतचक्रांच्या किंवा पट्टा व कप्पी यांच्या सांध्यात बोटे ओढली जाणे. फिरत्या कर्तकाचा हाताशी थेट संपर्क येणे आणि उडालेला कीस, सुटलेले काम अथवा फुटलेल्या शाणचक्राचे तुकडे अंगावर येणे, हे ते प्रकार होत. या क्रिया किती त्वरेने घडतात, हे पुढील उदाहरणावरून दिसून येईल. लेथवर ५० मिमी. व्यासाचा गज मिनिटाला ६०० फेरे या गतीने फिरत असता त्यात सदऱ्याची बाही अडकल्यास पाव सेकंदात गजाचे अडीच फेरे होतात व सु. ४० सेंमी. कापड त्याभोवती गुंडाळले जाते. धोका लक्षात येऊन माणसाचा हात हलण्यास जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणजेच कामगाराला कळेपर्यंत अपघात घडून गेलेला असतो. केवळ सावधगिरीवर भिस्त ठेवता येत नाही, याचे मूळ कारण हे आहे.

प्रारंभीचा काळ : हेन्‍री मॉडस्ली यांनी सु. १८०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये सरकत्या हत्यारधारकासह आटे पाडण्याचा लेथ तयार केला. तत्पूर्वी कातारी कर्तक हत्यार हातात धरून काम करीत असे. हत्यारधारकामुळे हत्यार यंत्रात पक्के बसविले गेले व हात मोकळा झाला. तथापि त्याच हाताजवळ आता उघडी दंतचक्रे व पट्टे आले. एकोणिसाव्या शतकातील कर्मशाळेत एकच वाफ एंजिन छताखालील लांब दंड फिरवी व त्यावरील कप्प्यांवरून चामड्याचे पट्टे खालील प्रत्येक यंत्राकडे येत. एखादे यंत्र थांबवावयाचे झाल्यास पट्टा घट्ट कप्पीवरून सैल कप्पीवर सरकवावा लागे. पण वरचा दंड फिरतच राही. दंडावर कप्पी बसविणाऱ्या स्क्रूचे डोके बाहेर आलेले असे. वंगण देण्यास शिडीवर चढलेल्या माणसाचा कपडा त्यात अडकला, तर दंड तत्काळ थांबविण्याचा उपाय त्याच्या हाती नसे.

कायद्याचा प्रवेश : ब्रिटनमध्ये १८३३ च्या कारखाना अधिनियमाने चार निरीक्षक नेमण्यात आले. त्यांच्या अनुभवावरून १८४४ च्या अधिनियमात यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची सक्ती प्रथमच करण्यात आली. परंतु ती कापड गिरण्यांपुरती होती. हे कलम मालकांना जाचक वाटले. उंचावरील दंडांना आवरण घालण्याची गरज नाही, या भूमिकेतून त्यांनी १८५५ मध्ये आपली संघटना उभारली. चार्ल्स डिकिन्झ यांच्या हाऊसहोल्ड वर्ड्‌स या साप्ताहिकाने तिच्यावर कठोर टीका केली, तर हॅरिएट मार्टिनो यांनी मालकांची बाजू मांडली. १८५६ मध्ये कायदा सैल करण्यात आला. धातुकाम व यंत्रनिर्मिती करणारे कारखाने १८६७ च्या अधिनियमाने कायद्याच्या कक्षेत आले.

नुकसानभरपाईच्या बाबतीत कामगाराची स्थिती आणखी दुबळी होती. १८३७ मधील एका निर्णयापासून इंग्रजी न्यायालये असे मानीत, की सहकाऱ्याच्या चुकीने झालेल्या इजेस मालक जबाबदार नाही. कामगाराने धोका पत्करूनच नोकरी स्वीकारली, असाही बचाव करता येई. जर्मनीत १८८४ च्या अपघात विमा कायद्याने व ब्रिटनमध्ये १८९७ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ही भूमिका बदलली. मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळू लागल्याने अपघात हा कारखान्याच्या खर्चाचा भाग बनला. जर्मनीत विमा चालविणाऱ्या व्यवसाय मंडळांनी अपघात प्रतिबंधाचे नियम जारी केले. त्याआधी १८६७ मध्ये फ्रान्समधील म्यूलूझ येथे एंगेल-डॉलफ्यूस यांच्या पुढाकाराने खुद्द कारखानदारांनीच यंत्रापासून होणारे अपघात टाळण्यासाठी संस्था स्थापन केली होती.

वाढती गती व नवे नियम : एफ्. डब्ल्यू. टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेत विकसित केलेले उच्च गती पोलाद १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात दाखविण्यात आले. १९२६ च्या सुमारास जर्मनीतील क्रुप कंपनीने टंगस्टन कार्बाइडाची हत्यारे बाजारात आणली. यांमुळे कर्तनगती अनेक पटींनी वाढली. मऊ पोलादाचा कीस लांब, तप्त व धारदार फितीच्या रूपाने वेगाने बाहेर पडू लागला. तो हाताने ओढल्यास बोट कापले जाई. फितीचे लहान तुकडे व्हावेत म्हणून हत्याराच्या माथ्यावर खाच ठेवण्याची व कीस आकड्याने अथवा ब्रशाने काढण्याची पद्धत रूढ झाली. ओतीव लोखंड व पितळ यांचा कीस सुटा उडतो, म्हणून चष्मा आवश्यक ठरला. याच काळात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विद्युत् चलित्र मिळाल्याने छताखालचे दंड हळूहळू नाहीसे झाले व यंत्र जागच्या जागी थांबविणे शक्य झाले.

आडव्या मिलिंग यंत्राच्या फिरत्या कर्तकाखालून कीस झाडताना चिंधीबरोबर बोटेही आत ओढली जात. ब्रिटनमध्ये या एका यंत्रासाठी १९२८ मध्ये स्वतंत्र नियम करावे लागले व कर्तकावर रक्षक बसविणे आवश्यक ठरले.

शाणचक्राचा धोका निराळा आहे. २०० मिमी. व्यासाचे चक्र मिनिटाला २,८५० फेरे करीत असल्यास त्याच्या परिघाचा वेग सेकंदाला सु. ३० मी., म्हणजे ताशी १०० किमी. हून अधिक असतो. फेरे दुप्पट केल्यास चक्रातील ताण चौपट होतो. त्यामुळे मोठ्या गतीच्या दांड्यावर चुकीचे चक्र बसविल्यास ते फुटते. चक्र बसविण्यापूर्वी हलके ठोकून त्याचा आवाज ऐकण्याची रीत आहे. तडा असल्यास स्वच्छ नाद येत नाही.

या चक्रासंबंधीच्या एका दाव्याला इतिहासात विशेष स्थान आहे. इंग्लंडमधील एका पोलाद कारखान्यात धातूचा तुकडा घासताना एका फिटरचा अंगठा चक्रावर गेला. चक्राला रक्षक होता, पण काम करण्यापुरता भाग उघडा होता. तो भाग झाकल्यास चक्र वापरताच येणार नाही, असा मालकाचा युक्तिवाद होता. १९५५ मध्ये लॉर्ड सभेने तो फेटाळला; संरक्षणाचे कर्तव्य निरपेक्ष असून यंत्र निरुपयोगी होणे हा बचाव नव्हे, असा निर्णय देण्यात आला. शब्दशः पाहता सर्वच शाणचक्रे बेकायदेशीर ठरण्याचा प्रसंग आला. १९७० च्या नियमांनी तो पेच सोडविला : मोजका भाग उघडा ठेवण्यास मुभा मिळाली, परंतु त्याबरोबर वेगाची मर्यादा, रक्षकाची मजबुती व चक्र बसविणाऱ्याचे प्रशिक्षण या अटी आल्या.

भारतातील स्थिती : भारतात पहिला कारखाना अधिनियम १८८१ मध्ये झाला. तो शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता आणि त्यात यंत्राला कुंपण घालण्याची तरतूद होती. कामगार नुकसानभरपाई अधिनियम १९२३ मध्ये संमत झाला. १९४८ च्या कारखाना अधिनियमात धातुकर्तनाचा स्पष्ट विचार दिसतो. लेथच्या शीर्षाबाहेर येणाऱ्या गजाला कुंपण घालण्यास त्यात सांगितले होते. कारण असा लांब गज वेगात वाकून जवळच्या माणसाला तडाखा देतो. चालू यंत्राजवळ तपासणीचे वा वंगणाचे काम घट्ट कपडे घातलेल्या प्रशिक्षित प्रौढ पुरुषानेच करावे, फिरत्या दंडावरील स्क्रू व चाव्या खोलगट बसवाव्यात वा झाकाव्यात, शाणचक्राजवळ सुरक्षित वेगाची सूचना लावावी, अशाही तरतुदी होत्या. दंडावरील स्क्रू न झाकलेले यंत्र कारखान्यात वापरण्यासाठी विकणाराही शिक्षेस पात्र ठरे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली. तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

या अधिनियमाची मर्यादाही होती. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार असल्यासच तो सामान्यतः लागू होई. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही संख्या वीस करण्यात आली. एकदोन लेथ व एक ड्रिलिंग यंत्र असणारी गल्लीतील लहान कर्मशाळा या व्याख्येबाहेर राहते. तेथे कारागिराचे शिक्षण हाच मुख्य आधार होय. १९५० पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेमुळे आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमामुळे असे शिक्षण अनेकांना मिळाले. बाही कोपराच्या वर घ्यावी किंवा मनगटाशी घट्ट बांधावी. फिरत्या यंत्रावर हातमोजे, अंगठी, गळपट्टा वा लोंबते केस असू नयेत. चकची चावी हातातून सोडण्यापूर्वी चकमधून काढावी. मोजमाप यंत्र पूर्ण थांबल्यावरच घ्यावे. ड्रिलखालील काम हाताने न धरता शेगड्यात आवळावे, हे या शिक्षणातील पहिले धडे होत.

संख्यात्मक नियंत्रणाचे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसॅचूसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९५२ मध्ये दाखविण्यात आले. त्यातून पुढे आलेल्या यंत्रांत कर्तन बंद आवरणात होते व दार उघडताच यंत्र थांबते. तथापि काम लवकर उरकण्यासाठी दाराचा स्विच बांधून ठेवण्याचा मोह होतो व तेथे जुनाच धोका परत येतो. रक्षक कामास अडथळा होत असेल, तर तो काढला जातो, हा दीर्घ अनुभव आहे. म्हणून जो बसवूनही काम सुरळीत चालते, तोच चांगला रक्षक मानला जातो. मालकाचे उत्पादन व कामगाराची बोटे यांतील विरोध अशा रक्षकानेच कमी होतो. [⟶ यांत्रिक हत्यारे, लेथ].