दुधाच्या दातांची साक्ष

लहान मुलाचा दुधाचा दात पडला म्हणजे तो कौलांवर फेकावा, नवा दात बळकट येतो, अशी समजूत आपल्याकडील अनेक घरांतून चालत आलेली आहे. १९५८ साल संपत आले असता अमेरिकेतील सेंट लुइस या शहरातील आईबापांना मात्र असे सांगण्यात आले की, मुलांचा पडलेला दात टाकून देऊ नका. पाकिटात घालून आमच्याकडे पाठवा. पुढील सुमारे बारा वर्षांत असे तीन लाखांच्या आसपास दात जमा झाले. जगातील दोन बलाढ्य राष्ट्रे, त्यांचे नामांकित शास्त्रज्ञ आणि त्यांचे मुत्सद्दी ज्या वादात वर्षानुवर्षे गुंतून पडले होते, त्या वादात हे इवलेसे दात साक्षीदार म्हणून उभे राहिले. तो वाद कसा निर्माण झाला, तो सुटत का नव्हता, आणि दातांच्या साक्षीने त्यातील कोणता भाग सुटला व कोणता सुटला नाही, हे आजही विचार करण्याजोगे आहे.

वादाचा आरंभ १ मार्च १९५४ रोजी झाला, असे म्हणता येईल. त्या दिवशी पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटाजवळ अमेरिकेने हायड्रोजन बाँबची एक चाचणी घेतली. स्फोट सुमारे सहा मेगाटनांचा होईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो पंधरा मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बाँबच्या सुमारे हजारपट झाला. स्फोटाने उडालेली पोवळ्याची पांढरी राख वाऱ्याबरोबर दूरवर पसरली. राँगेलाप बेटावरील रहिवाशांवर ती पडली, आणि ‘फुकुर्यु मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील तेवीस खलाशांवरही पडली. ते सर्व आजारी पडले. नौकेवरील बिनतारी यंत्रचालक कुबोयामा हा त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मरण पावला. युद्ध नसताना, शत्रू नसताना, केवळ चाचणीच्या धुळीने माणसे आजारी पडतात, ही गोष्ट जगाला त्या दिवसापासून कळली.

त्यानंतर जे आवाज उठले त्यांत भारताचा आवाज पहिल्या काहींपैकी होता. २ एप्रिल १९५४ रोजी पंतप्रधान नेहरू यांनी लोकसभेत निवेदन करून सर्व राष्ट्रांनी अण्वस्त्रांच्या चाचण्या निदान स्थगित तरी कराव्यात, अशी सूचना केली. भारत सरकारने या विषयाचा शास्त्रीय अभ्यासही करविला, आणि डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी सिद्ध केलेला तो ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. तिकडे इंग्लंडात बर्ट्रांड रसेल यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी बी.बी.सी.वरून एक भाषण करून मनुष्यजातीवर ओढवू पाहणाऱ्या संकटाची जाणीव दिली. पुढे त्याच विचारांचे निवेदन त्यांनी तयार केले, आणि आइन्स्टाइन यांनी मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी त्यावर सही केली. ९ जुलै १९५५ रोजी ते लंडन येथे जाहीर झाले. १९५७ च्या एप्रिलमध्ये डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांचे चाचण्यांविरुद्धचे आवाहन ऑस्लो नभोवाणीवरून प्रसारित झाले. आफ्रिकेच्या अरण्यात रुग्णसेवा करणाऱ्या या वृद्ध डॉक्टरांचे शब्द अनेक देशांत ऐकले गेले.

परंतु दुसरी बाजूही होती, आणि ती केवळ युद्धखोरांची होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचे सदस्य विलर्ड लिबी हे श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञ होते. एडवर्ड टेलर हे हायड्रोजन बाँबचे एक जनक होते. त्यांनी आपल्या मायदेशाची, हंगेरीची, हुकूमशाहीखाली झालेली अवस्था पाहिली होती. या मंडळींचे म्हणणे असे की, चाचण्यांच्या धुळीमुळे होणारा किरणोत्सर्ग हा खडकांतून, मातीतून व आकाशातून नित्य येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या मानाने अल्प आहे. एका माणसापुरता पाहिल्यास त्याचा धोका नगण्य आहे. उलट चाचण्या थांबविल्या आणि प्रतिपक्षाने त्या गुप्तपणे चालू ठेवल्या, तर स्वातंत्र्यच धोक्यात येईल.

२० फेब्रुवारी १९५८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील दूरचित्रवाणीवर टेलर आणि लायनस पॉलिंग या दोघांचा समोरासमोर वाद झाला. पॉलिंग हे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ. चाचण्या थांबवाव्यात अशा विनंतिपत्रावर जगभरच्या नऊ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्या घेऊन, ते त्यांनी त्याच वर्षीच्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर केले होते. या वादातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. धोका एका माणसाच्या वाट्याला किती येतो, हे टेलर सांगत होते. तो अपूर्णांक फार लहान होता. पॉलिंग त्याच तऱ्हेच्या अपूर्णांकाला जगाच्या सुमारे तीनशे कोटी लोकसंख्येने गुणत होते. ती संख्या फार मोठी होती. दोघांचेही गणित आपापल्या जागी चालण्यासारखे होते. मग सामान्य माणसाने विश्वास ठेवावा कोणावर?

याच ठिकाणी राजकारणाने वादाची वाट आणखी अवघड करून ठेवली. १९५६ च्या अमेरिकन निवडणुकीत अध्यक्षपदाचे उमेदवार ॲडले स्टीव्हन्सन यांनी हायड्रोजन बाँबच्या चाचण्या थांबविण्याचा पक्ष घेतला. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत रशियाचे पंतप्रधान बुल्गानिन यांनी त्या सूचनेला अनुकूल असे पत्र पाठविले, आणि ते स्टीव्हन्सन यांना उपकारक होण्याऐवजी घातकच ठरले. चाचण्यांविरुद्ध बोलेल तो शत्रूचा हस्तक, अशी हवा निर्माण झाली. १९६० साली खुद्द पॉलिंग यांना सिनेटच्या एका उपसमितीपुढे बोलावून, सह्या गोळा करण्यास कोणी मदत केली त्यांची नावे विचारण्यात आली. त्यांनी ती सांगण्यास नकार दिला. तिकडे सोव्हिएट रशियात आंद्रेई साखारोव यांनी १९५८ साली गणित मांडून दाखविले होते की, वातावरणातील स्फोटाच्या दर मेगाटनामागे, पुढील हजारो वर्षांच्या काळात, सुमारे दहा हजार माणसे बळी पडतील. स्वतः हायड्रोजन बाँब घडविणाऱ्या या शास्त्रज्ञाने १९६१ साली नव्या चाचण्यांना विरोध केला, तेव्हा ख्रुश्चेव्ह यांनी सर्वांसमक्ष त्यांची कानउघाडणी केली. शास्त्रज्ञाने शास्त्र पाहावे, राजकारण आमच्याकडे सोपवावे, असाच त्या बोलण्याचा आशय होता.

या कोलाहलात दोन प्रश्न एकमेकांत मिसळून गेले होते. लोकांच्या शरीरात हे विष शिरले आहे काय, आणि किती, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मोजमापाने मिळण्यासारखे होते. राष्ट्राच्या संरक्षणासाठी एवढा धोका पत्करावा काय, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. ते नागरिकांनी विवेकाने द्यावयाचे असते. दोन्ही पक्षांचे विद्वान दुसऱ्या प्रश्नाचे आपले उत्तर पहिल्या प्रश्नाच्या तोंडी घालीत होते. सेंट लुइस येथील काही मंडळींनी हे ओळखले, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. वनस्पतिशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर, काही डॉक्टर आणि काही गृहिणी यांनी १९५८ साली नागरिकांची एक अणुविषयक माहिती समिती स्थापन केली. चाचण्या असाव्यात की नसाव्यात हे सांगणे समितीने आपले काम मानले नाही. निर्णय नागरिकांचा, त्यांना खरी माहिती पुरविणे तेवढे शास्त्रज्ञांचे कर्तव्य, अशी तिची भूमिका होती.

मोजावयाचे ते स्ट्रॉन्शियम-९० नावाचे द्रव्य. अणुस्फोटात ते तयार होते, धुळीबरोबर आकाशात चढते आणि पावसाबरोबर कुरणावर उतरते. गाय ते गवत खाते, ते दुधात उतरते, आणि दूध मुलाच्या पोटात जाते. रासायनिक गुणांनी ते कॅल्शियमचे भावंड असल्यामुळे वाढत्या मुलाचे शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत व दातांत बसविते. त्याची शक्ती अर्ध्यावर येण्यास सुमारे एकोणतीस वर्षे लागतात. सरकारी तपासणीत सेंट लुइसच्या दुधात त्याचे प्रमाण इतर काही शहरांच्या मानाने अधिक आढळले होते.

पण ते मुलांच्या हाडांत किती गेले हे पाहावयाचे कसे? हाडाचा तुकडा जिवंत मुलापासून घेता येत नाही. दुधाचा दात मात्र आपण होऊन पडतो. अमेरिकेत काम करणारे डेन्मार्कचे जीवरसायनशास्त्रज्ञ हर्मन काल्कर यांनी १९५८ च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अशी सूचना केली की, दुधाच्या दातांची आंतरराष्ट्रीय पाहणी करावी. या सूचनेत एक मर्म होते. दुधाचा दात आईच्या उदरात आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षभरात घडतो, आणि सहासात वर्षांनी पडतो. म्हणजे १९५८ साली पडणारा दात १९५१-५२ च्या सुमारास, हायड्रोजन बाँबच्या मोठ्या चाचण्यांपूर्वी, घडलेला होता. तुलना करण्यासाठी हवा असलेला पूर्वकाळ त्या दातांत साठविलेला होता. ते दात तेव्हाच गोळा केले नसते, तर तो पुरावा कायमचा गेला असता.

डॉ. लुइझ राइस या महिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाळेने आणि जेझुइट पाद्र्यांच्या सेंट लुइस विद्यापीठाने त्यास साह्य केले. शाळा, ग्रंथालये, दंतवैद्य व चर्च यांच्यामार्फत छापील तक्ते घरोघर गेले. मुलाचा जन्म केव्हा झाला, गरोदरपणी आई कोठे राहत होती, मूल अंगावर प्याले की बाहेरच्या दुधावर वाढले, असे प्रश्न त्यांत होते. स्वयंसेविका दात निवडीत व नोंदी करीत. दात पाठविणाऱ्या मुलाला, आपण विज्ञानाला दात दिला अशा अर्थाचा एक बिल्ला मिळे. मुलांना तो बिल्ला फार प्रिय होता.

पहिले निष्कर्ष २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९५१ पासून १९५४ पर्यंत जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-९० चे प्रमाण वाढत गेलेले दिसले. पुढे अधिक दात तपासल्यावर, १९५० साली जन्मलेल्या मुलांपेक्षा १९६३ साली जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे प्रमाण सुमारे पन्नास पट असल्याचे आढळले. दातांनी एवढेच सांगितले. अमुक मूल यामुळे आजारी पडेल असे त्यांनी सांगितले नाही, आणि पाहणी करणाऱ्यांनीही तसे भासविले नाही. परंतु दूर महासागरात किंवा ओसाड वाळवंटात केलेल्या स्फोटाची धूळ आपल्या घरातील मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचली आहे, ही गोष्ट आता मताची राहिली नाही. ज्या आईने स्वतःच्या हाताने तो दात पाकिटात घातला होता, तिला ती कोणत्याही विद्वानाने पटवून देण्याची गरज नव्हती.

याच सुमारास प्रसंग अधिक बिकट झाला होता. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये रशियाने सुमारे पन्नास मेगाटनांचा स्फोट केला. १९६२ साली अमेरिकेनेही वातावरणातील चाचण्या पुन्हा आरंभिल्या. आणि त्याच ऑक्टोबरात क्युबाच्या प्रश्नावरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्याशी येऊन परतले. ११ एप्रिल १९६३ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी शांततेविषयीचे आपले पत्र सर्व सद्भावनाशील माणसांना उद्देशून प्रसिद्ध केले, आणि युद्ध झाले नाही तरी नुसत्या चाचण्याही पृथ्वीवरील जीवनाला अपायकारक होतील, अशी भीती त्यात व्यक्त केली. अखेर ५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनी मॉस्को येथे करार करून वातावरणात, अवकाशात व पाण्याखाली चाचण्या करण्याचे सोडून दिले. भारतानेही त्याच महिन्यात त्यावर सही केली. अमेरिकन सिनेटपुढे टेलर यांनी कराराविरुद्ध साक्ष दिली; दातांच्या पाहणीचे आकडेही तेथे मांडले गेले. सिनेटने ऐंशी विरुद्ध एकोणीस मतांनी करारास मान्यता दिली. १० ऑक्टोबर रोजी तो अंमलात आला, आणि त्याच दिवशी पॉलिंग यांना १९६२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

हे सर्व दातांमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. क्युबाच्या प्रसंगाची धास्ती त्यामागे होती, मुत्सद्द्यांचे हिशेबही होते. करारही अपुराच होता. भूगर्भातील चाचण्या त्याने थांबविल्या नाहीत, आणि भारतानेही १९७४ व १९९८ साली पोखरण येथे भूगर्भातच चाचण्या केल्या. फ्रान्सच्या वातावरणातील चाचण्या १९७४ पर्यंत आणि चीनच्या १९८० पर्यंत चालू राहिल्या. १९९६ चा सर्वंकष चाचणीबंदी करार अद्याप अंमलात आलेला नाही. भारताने त्यावर सहीही केलेली नाही. एवढे मात्र खरे की, १९६३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांतील स्ट्रॉन्शियमचे प्रमाण उतरू लागले.

२००१ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका जुन्या कोठारात त्या पाहणीतील सुमारे पंचाऐंशी हजार दात, त्यांच्या पाकिटांसह आणि चिठ्ठ्यांसह, पुन्हा सापडले. ते पाठविणारी मुले तोवर पन्नाशीकडे झुकली होती. आज त्याच दातांवरून त्यांच्या उतारवयातील आरोग्याचा अभ्यास होत आहे. विज्ञान आणि राजकारण यांच्या वादात ज्या पक्षाकडे उत्तम वक्ते होते, त्यांची भाषणे बहुतेकांच्या स्मरणातून गेली. घराघरांतून निमूटपणे पाठविलेला तो पुरावा मात्र अजून प्रश्नांना उत्तरे देत आहे. मत देण्यापूर्वी मोजून पाहावे, आणि मोजून झाल्यावर निर्णयाचा भार विद्वानांवर न टाकता स्वतः उचलावा, हा धडा सेंट लुइसच्या आयांनी शाळेतील पुस्तकांतून घेतलेला नव्हता. तो शाळांतून शिकविला जावा, इतका मोलाचा मात्र तो निश्चित आहे.