मुंब्रा-कौसा : खाडीकाठच्या गावापासून शहरापर्यंत

आपल्यापैकी बहुतेकांचं कोणी ना कोणी नातेवाईक मुंब्र्यात राहतं. पण ही वस्ती कशी वाढली, हे नव्या पिढीला फारसं माहीत नाही. म्हणून हा थोडक्यात आढावा.

जुनं गाव
एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. मधल्या पट्टीत मुंब्रा आणि कौसा ही गावं. इथे कोकणी मुसलमान आणि आगरी-कोळी घराणी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली. १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे गेली ती याच पट्टीतून. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला आणि जलद गाड्या मुंब्र्याला वळसा न घालता डोंगरातून जाऊ लागल्या. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा हा भाग तिच्या हद्दीत आला.

१९९२-९३ नंतर
मुंबईच्या दंगलीत ९०० माणसं मारली गेली, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. त्यात ५७५ मुसलमान होते. घरं जळालेली, मनात भीती बसलेली. जिथे आपली माणसं आहेत, मशीद जवळ आहे, लोकल आहे आणि घर परवडतं, अशी जागा लोक शोधत होते. मुंब्रा तशी जागा होती. काही वर्षांतच लोकसंख्या कितीतरी पटीने वाढली. पण माणसं आधी आली. पाणी, गटारं, शाळा, दवाखाने मागून आले. या घाईचा फायदा बिल्डरांनी घेतला आणि परवानगी नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या.

त्याची किंमत
४ एप्रिल २०१३ रोजी जवळच्या शिळफाटा भागात लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली. काम अजून चालूच होतं, तरी कुटुंबं राहायला आलेली होती. ७४ जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलंही होती.

आज काय करायचं
दंगलीनंतर घाईत बांधलेल्या इमारतींना आता तीस वर्षं होत आली आहेत, काहींना होऊनही गेली. तीस वर्षांवरील इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणं कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटी झाली नसेल, तरी रहिवाशांनी एकत्र बसून हा विषय काढलाच पाहिजे.

नवं घर घेताना बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) बघा. काम चालू असलेला प्रकल्प असेल तर महारेराचा नंबर तपासा. ॲग्रीमेंट रजिस्टर झालं म्हणजे इमारत कायदेशीर झाली, हा मोठा गैरसमज आहे. बिल्डर ओळखीचा आहे, नमाजी आहे, एवढ्यावर आयुष्याची कमाई देऊ नका. कागद मागणं म्हणजे कोणावर संशय घेणं नव्हे. व्यवहार लिहून ठेवा, हे तर कुरआननेच आपल्याला सांगितलं आहे.