कर्णधाराची पारख

नेकनूरच्या आठवडी बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी दात बघतो. मग वशिंड, खूर, चाल. पण जाणते गिऱ्हाईक तेवढ्यावर सौदा करीत नाही. जुवाखाली तो कसा चालतो, हे पाहिल्याखेरीज त्याचे समाधान होत नाही. बैलाच्या वाट्याला येणारा हा साधा न्याय बाळू पालवणकरांच्या वाट्याला मात्र आला नाही.

बाळूंचा जन्म १८७६चा, धारवाडचा, जात चांभार. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता ते डावखुरी फिरकी टाकू लागले. जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजाला त्यांनी तासन् तास गोलंदाजी केली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. घाम गाळण्याचे काम एकाचे आणि डौलाचे काम दुसऱ्याचे, ही वाटणी तिथपासूनची. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांची गरज भासली, तेव्हा मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालला. चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता.

१९११च्या इंग्लंड दौऱ्यात तर पारखीचा सारा विनोदच उघडा पडला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. सुरुवातीचे काही सामने खेळून ते मेजवान्यांत रमले. बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. संघाचे ओझे कोणी वाहिले हे धावफलकावर लिहिलेले होते. वाचायची इच्छा हवी होती, इतकेच.

‘गोलंदाज उत्तम, पण नेतृत्व?’ या प्रश्नातला ‘पण’ मोठा चिवट असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून एक जागा असते. जवळजवळ प्रत्येक डावपेचात चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकायचा, हे दोन-तीन सेकंदांत त्यालाच ठरवायचे असते. दंडातली ताकद मोजता येते. ही निर्णयबुद्धी मोजता येत नाही. आणि जे मोजता येत नाही, तिथे पूर्वग्रह हमखास शिरतो. कृष्णवर्णीय खेळाडू धावायला, झेलायला चालत. विचार करण्याची ही जागा बराच काळ गोऱ्यांसाठी राखीव होती. वॉरन मून याला १९७८च्या निवडीत एकाही संघाने घेतले नाही. तो कॅनडात गेला आणि त्याच्या एडमंटन संघाने लागोपाठ पाच वर्षे तिथले अजिंक्यपद पटकावले. १९८८च्या जानेवारीत डग विल्यम्सने वॉशिंग्टनला सुपर बोल जिंकून दिला, तेव्हा ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. जात आणि वर्ण एक नव्हेत, हे मान्य. पण निवड करणाऱ्यांचे बहाणे मात्र सख्खे भाऊ वाटतात.

आपल्याकडे अन्याय दिसत नव्हता असेही नाही. हिंदू संघाचे कर्णधार एम. डी. पै यांनीच १९१३ साली जाहीरपणे सांगितले होते, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी अशा बाळूंचा होता. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. पुढची सात वर्षे कर्णधार मात्र दुसरेच झाले. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. गांधीजींमुळे अस्पृश्यतेचा प्रश्न तेव्हा चव्हाट्यावर आलेला होता, त्यामुळे निवड समितीला हे प्रकरण दडपणे सोपे नव्हते. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या अवधीत क्षेत्ररक्षणाची सूत्रे बाळूंकडे आली. एवढीच काय ती कर्णधारी. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीसच्या घरात होते.

१९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. बाळूंचे खेळणे त्याआधीच थांबले होते.