नागपूरचा कापूस, गोदावरीचा जलमार्ग आणि हरलेले गोदाम : एक थ्रेड

नागपुरातून वाहणारी नाग नदी आज अनेकांस नाल्याहून मोठी वाटत नाही. परंतु तिचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करीत थेट बंगालच्या उपसागरास मिळते. नकाशा उघडून ही रेषा बोटाने अवश्य गिरवून पाहावी. एकोणिसाव्या शतकात याच रेषेवर विदर्भाच्या कापसाचा व्यापार उभा करण्याचा घाट घातला गेला होता.

रेल्वेपूर्वी या प्रदेशाची मालवाहतूक बंजाऱ्यांच्या तांड्यांच्या हाती होती. लमाणी बैलांच्या पाठीवरून कापूस गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई, पुढे मुंबईकडेही जाऊ लागला. वाट महिनोन्महिन्यांची. धूळ आणि पाऊस लागून माल खराब होई, तो निराळाच.

1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले निधन पावले, दत्तक नामंजूर झाला आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. नेमक्या त्याच सुमारास, 1852 मध्ये, आर्थर कॉटन यांचा धवलेश्वरमचा बंधारा गोदावरीच्या मुखाजवळ पूर्ण झाला होता. कॉटन यांचा ठाम विश्वास होता की हिंदुस्थानास रेल्वेपेक्षा जलमार्गांची गरज अधिक आहे. मग हेग या लष्करी अभियंत्याने वरच्या गोदावरीची पाहणी केली. 1860 च्या तहाने निजामाकडून नदीच्या डाव्या तीरावरील मुलूख घेण्यात आला आणि नदीवरील मालावरची जकात उठली. 1861 मध्ये नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत स्थापन झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि हिंगणघाटच्या बाजाराकडे साऱ्यांचे डोळे लागले. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीही या योजनेत लक्ष घातले.

अडथळे तीन होते : दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. येथे पात्र खडकांनी भरलेले आहे. बंधारा घालून, बाजूने कालवा काढून, त्यात दारे बसवून नावा वरखाली न्यायच्या, अशी योजना होती. ती पुरी होईपर्यंत प्रत्येक अडथळ्यापाशी माल उतरवणे, गाड्यांवरून पलीकडे नेणे आणि पुन्हा नावेत भरणे भाग होते. म्हणजे दर ठिकाणी हमाल, पहारा आणि छप्पर हवे.

पण खरी मेख खडकांत नव्हती, पंचांगात होती. गोदावरीस नावा चालतील इतके पाणी पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस असते. कापूस मात्र दिवाळीच्या आगेमागे फुटतो, वेचणी हिवाळाभर चालते, मग सरकी काढून गाठी बांधल्या जातात. माल तयार होतो तेव्हा नदी उतरलेली असते. त्यामुळे कापूस पुढच्या आषाढापर्यंत नदीकाठच्या गोदामात पडून राहणार. तोवर दमट हवा, आगीची भीती आणि सावकाराचे व्याज. प्रतिमैल भाड्याच्या हिशेबात कॉटन यांची बाजू भक्कम होती, हे मान्य करावे लागते. मात्र व्यापारी भाड्याबरोबर दिवसही मोजतो.

1867 मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली. पाणी असो वा नसो, गाडी वर्षभर धावू लागली. लक्षावधी रुपये खर्चून झालेले गोदावरीचे काम 1871 मध्ये सरकारने बंद केले. त्याच दशकात लोहमार्ग वर्ध्याहून हिंगणघाट आणि कोळशाच्या वरोऱ्यापर्यंत गेला. 1877 च्या 1 जानेवारीला जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस जवळ आणि कोळसाही जवळ, हे ते स्थळ निवडण्यामागचे गणित होते. वृद्ध कॉटन मात्र 1878 मध्येही पार्लमेंटच्या समितीपुढे जलमार्गाचीच बाजू मांडत राहिले.

या साऱ्यात सर्वाधिक गमावले ते सिरोंचाने. प्राणहिता-गोदावरी संगमाजवळचे हे गाव जलमार्गाच्या भरवशावर अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले होते. 1874 मध्ये तो जिल्हाच मोडला. काही तालुके मद्रास इलाख्यास दिले गेले आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडले गेले. आज तो गडचिरोलीचा दक्षिण टोकाचा तालुका आहे. दुम्मगुडेमचा बंधारा तेलंगणात अद्याप उभा आहे.